जनतेच्या पैशाचा हिशेब : नामदार गोपाळ कृष्ण गोखले

रस्ते, पिण्याचे पाणी, दवाखाने, शाळा या सोयी सरकार पुरवते, असे आपण सहज म्हणतो. परंतु सरकारजवळचा पैसा हा मुख्यतः जनतेनेच कररूपाने दिलेला असतो. रायपूरच्या बाजारात साबण किंवा चप्पल विकत घेणारा मजूर त्या वस्तूच्या किमतीतून कर भरतो. मोठ्या पगाराचा नोकरदार तसा कर तर भरतोच, शिवाय आपल्या उत्पन्नावर प्राप्तिकरही देतो. म्हणून प्रत्येक काळात दोन प्रश्न उभे राहतात. कर कोणाकडून किती घ्यावा? आणि तो पैसा कशासाठी खर्च व्हावा? देश पारतंत्र्यात असताना हे दोन्ही प्रश्न राज्यकर्त्यांच्या सभागृहात, त्यांच्याच आकडेवारीच्या आधारे मांडणारे थोर देशसेवक म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. प्रस्तुत पाठात आपण त्यांच्या जीवनाचा आणि कार्याचा परिचय करून घेणार आहोत.

बालपण आणि शिक्षण

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव हे कोल्हापूरजवळील कागल येथे नोकरीला होते. घरची स्थिती बेताचीच होती. गोपाळ तेरा वर्षांचा असताना, १८७९ साली, वडिलांचे निधन झाले आणि कुटुंबाचा आधारच नाहीसा झाला. थोरले बंधू गोविंदराव हेही तेव्हा विद्यार्थीच होते. त्यांनी आपले शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांपैकी आठ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवू लागले.

उरलेल्या सात रुपयांत बाकीच्या कुटुंबाचा निर्वाह कसा होत असेल, याची जाणीव गोपाळला होती. त्यामुळे तो एकेक पै जपून खर्च करी. आपल्या शिक्षणासाठी दुसऱ्या कोणीतरी आपले शिक्षण सोडले आहे, ही गोष्ट तो कधी विसरला नाही. पुढील आयुष्यात त्यांनी शिक्षणाचा प्रश्न एवढ्या तळमळीने हाती घेतला, त्याचे एक मूळ या अनुभवात असावे.

कोल्हापूर, पुणे आणि मुंबई येथे शिक्षण घेऊन १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले. त्या काळी इंग्रजी पदवी मिळालेल्या तरुणाला सरकारी नोकरीचे दार सहज उघडत असे. गोपाळरावांनी मात्र पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकाचे काम स्वीकारले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होऊन त्यांनी अल्प वेतनावर वीस वर्षे अध्यापन करण्याचे व्रत घेतले. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित, इंग्रजी, इतिहास आणि अर्थशास्त्र असे निरनिराळे विषय शिकविले. त्यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक अनेक वर्षे शाळांतून वापरले जात होते. १९०२ साली ते महाविद्यालयातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांना दरमहा अवघे तीस रुपये निवृत्तिवेतन मिळू लागले.

न्यायमूर्ती रानडे यांचे शिष्यत्व

पुण्यात गोपाळरावांना गुरू लाभले ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. देशाचे दारिद्र्य दूर करावयाचे असेल, तर आधी त्या दारिद्र्याची कारणे अभ्यासिली पाहिजेत, अशी रानडे यांची शिकवण होती. सरकारी अहवाल, जमाखर्चाची पत्रके, जनगणनेचे आकडे ही रूक्ष वाटणारी साधने त्यांनी गोपाळरावांकडून बारकाईने वाचून घेतली. एखादे विधान करावयाचे तर त्यामागे पुरावा हवा, ही शिस्त गोपाळरावांच्या अंगी बाणली. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन करताना आणि आगरकरांच्या ‘सुधारक’ पत्राचा इंग्रजी भाग सांभाळताना त्यांची लेखणीही तयार झाली.

या अभ्यासाची पहिली मोठी कसोटी १८९७ साली लागली. हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली लंडनमध्ये एक आयोग बसला होता. त्याच्यापुढे साक्ष देण्यासाठी गोखले इंग्लंडला गेले. त्यांचे वय तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते. लष्कर, युरोपीय अधिकाऱ्यांचे पगार आणि इंग्लंडला पाठवावी लागणारी रक्कम यांवर हिंदुस्थानचा पैसा सढळ हाताने खर्च होतो, पण त्याच देशातील मुलांच्या शिक्षणासाठी मात्र हात आखडता घेतला जातो, हे त्यांनी आयोगाच्या नजरेस आणून दिले.

मिठाचा कर आणि प्राप्तिकर

१८९९ साली गोखले मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाचे सदस्य झाले. तेथून १९०२ पासून ते मध्यवर्ती कायदेमंडळात जाऊ लागले. या सभासदत्वामुळे लोक त्यांना ‘नामदार गोखले’ म्हणू लागले. हे मंडळ आजच्या संसदेसारखे नव्हते. तेथे सरकारी सदस्यांचे बहुमत असे आणि अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार लोकांच्या प्रतिनिधींना नव्हता. ते फक्त बोलू शकत होते. गोखल्यांनी या बोलण्याच्या अधिकाराचाच पुरेपूर उपयोग केला.

२६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकारी तिजोरीत त्या सुमारास दरवर्षी कोट्यवधी रुपयांची शिल्लक पडत होती. देशाची भरभराट होत असल्याचे हे लक्षण आहे, असे अधिकारी अभिमानाने सांगत. गोखल्यांनी त्या शिलकेचे खरे स्वरूप उलगडून दाखविले. नुकतेच देशात दोन भयंकर दुष्काळ पडले होते. एक १८९६-९७ मध्ये आणि दुसरा १८९९-१९०० मध्ये. आज छत्तीसगढ राज्यात असलेला रायपूरचा प्रदेश तेव्हा मध्यप्रांतात होता आणि या दुष्काळांत तोही होरपळून निघाला होता. प्लेगच्या साथीने हजारो घरे उजाड झाली होती. लोक अशा संकटात असताना तिजोरी भरत असेल, तर त्याचा अर्थ लोक श्रीमंत झाले असा होत नाही. गरजेपेक्षा अधिक कर घेतला जात आहे, असाच होतो. पूर्वी रुपयाची किंमत घसरली होती आणि इंग्लंडला रक्कम पाठविण्यासाठी अधिक रुपये लागत होते, तेव्हा सरकारने कर वाढविले. पुढे रुपया सावरला, परंतु वाढविलेले कर तसेच राहिले. शिल्लक वाढत होती ती त्यामुळे.

या करांपैकी सर्वांत जाचक होता तो मिठावरचा कर. १८८८ पासून एका मणाला अडीच रुपये असा त्याचा दर होता. चाळीस शेरांचा एक मण आणि सोळा आण्यांचा एक रुपया, या हिशेबाने दर शेराला बरोबर एक आणा कर पडे. हा आणा मुंबईच्या सावकाराला जेवढा, तेवढाच रायपूरच्या शेतमजुरालाही द्यावा लागे. मीठ सर्वांनाच लागते. श्रीमंत माणूस काही दहापट मीठ खात नाही. म्हणजे ज्याची मिळकत कमी, त्याच्या मिळकतीचा अधिक मोठा हिस्सा या करात जात असे.

प्राप्तिकराची गोष्ट वेगळी होती. हा कर आपल्या देशात पहिल्यांदा १८६० साली बसविण्यात आला आणि १८८६ च्या कायद्याने त्याला कायमचे रूप आले. ज्याचे वार्षिक उत्पन्न पाचशे रुपयांहून कमी, त्याला हा कर माफ असे. पाचशे ते दोन हजारांपर्यंतच्या उत्पन्नावर रुपयामागे चार पै आणि त्यापुढे पाच पै असा दर होता. एका रुपयाच्या १९२ पै होत असत, हे लक्षात घेतले म्हणजे हा दर किती होता याची कल्पना येईल. शेतीच्या उत्पन्नाला या करातून सूट होती.

प्राप्तिकर हा उत्पन्न पाहून आकारला जाणारा कर असल्यामुळे तो तत्त्वतः न्याय्य होता. परंतु माफीची मर्यादा इतकी खाली ठेवली होती, की लहान दुकानदार आणि सामान्य कारकूनही त्याच्या कक्षेत येत. गोखल्यांनी सरकारपुढे तीन मागण्या ठेवल्या. मिठावरील कर कमी करावा, प्राप्तिकराच्या माफीची मर्यादा पाचशेवरून एक हजार रुपयांपर्यंत न्यावी आणि देशी गिरण्यांच्या कापडावरील कर काढून टाकावा.

पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, पहिल्या दोन मागण्या मान्य झाल्या. मिठाचा कर मणाला दोन रुपयांवर आला. १९०५ मध्ये तो दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. शेरामागे जो एक आणा, म्हणजे बारा पै, कर पडत असे, तो पाच पैंहूनही थोडा कमी झाला. महिना पन्नास-साठ रुपये मिळविणारा कारकून प्राप्तिकरातून मुक्त झाला. कापडावरील कराची मागणी मात्र त्या वेळी मान्य झाली नाही. मतदानाचा अधिकार नसलेल्या सभागृहात एका माजी शिक्षकाने मिळविलेले हे यश लहान नव्हते.

कराचा पैसा लोकांकडे परत यावा

केवळ कर कमी करून गोखल्यांचे समाधान होणार नव्हते. शाळा, आरोग्य, स्वच्छता यांसाठी पैसा लागतो आणि तो करांतूनच येतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले होते, त्यामुळे सार्वजनिक सोयींचा खर्च त्यांनी जवळून पाहिला होता. गरिबाला न परवडणारा कर कमी व्हावा; जो पैसा गोळा होईल तो लष्कराऐवजी लोकांच्या हितासाठी खर्च व्हावा, अशी त्यांची दुहेरी भूमिका होती.

त्या काळी जमीनमहसूल, अबकारी आणि प्राप्तिकर यांसारख्या बाबींचे उत्पन्न मध्यवर्ती आणि प्रांतिक सरकारांत वाटले जात असे. शाळा आणि दवाखाने चालविण्याची जबाबदारी प्रांतांवर आणि स्थानिक संस्थांवर होती. पैशाची मोठी किल्ली मात्र मध्यवर्ती सरकारच्या हाती होती. १९०८ साली विकेंद्रीकरणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे गोखल्यांनी साक्ष दिली. प्रांतांना आणि स्थानिक संस्थांना अधिक अधिकार मिळावेत, कारण लोकांच्या गरजा त्यांच्या जवळ असलेल्या संस्थेलाच नीट कळतात, असे त्यांचे मत होते.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक

१९११ च्या जनगणनेनुसार देशातील शंभर माणसांत जेमतेम सहा माणसांना लिहितावाचता येत होते. बडोदे संस्थानात मात्र सयाजीराव महाराजांनी १९०६ सालापासून संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते. एका संस्थानिकाला जे साधले ते सगळ्या हिंदुस्थानच्या सरकारला का साधू नये, असा प्रश्न गोखल्यांनी उपस्थित केला. १९१० मध्ये त्यांनी याविषयीचा ठराव मांडला. त्यानंतर सरकारने शिक्षणासाठी स्वतंत्र खाते निर्माण केले, पण सक्तीचा प्रश्न तसाच राहिला. तेव्हा १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक सभागृहात आणले.

हे विधेयक अतिशय सावधपणे तयार केलेले होते. सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलग्यांपुरतीच प्रथम सक्ती असावी. मुलींना ती पुढे लागू करता यावी. ज्या भागात आधीच ठरावीक प्रमाणात मुले शाळेत जात असतील, तेथील नगरपालिकेने किंवा जिल्हा बोर्डाने सरकारच्या परवानगीने ही योजना सुरू करावी. ज्या पालकाचे उत्पन्न महिना दहा रुपयांहून अधिक नाही, त्याच्याकडून फी घेऊ नये. खर्चाची वाटणी कशी असावी, हेही गोखल्यांनी सुचविले होते. दोन तृतीयांश भार सरकारने आणि एक तृतीयांश भार स्थानिक संस्थेने उचलावा. आपला वाटा उभारण्यासाठी स्थानिक संस्थेला शिक्षणकर बसविण्याची मुभा असावी. म्हणजे गावाने आपल्या मुलांसाठी थोडा कर द्यावा आणि सरकारने त्यात दुप्पट भर घालावी.

विधेयकाला विरोध झाला तो मुख्यतः या पैशाच्या प्रश्नावरूनच. स्थानिक संस्थांजवळ पैसा नाही, नवा कर लोकांना आवडणार नाही, लोक अजून सक्तीला तयार नाहीत, अशी कारणे पुढे करण्यात आली. अनेक प्रांतिक सरकारांनी प्रतिकूल मत दिले. काही बड्या भारतीय सदस्यांनीही विरोध केला. दरम्यान डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबारात बादशहाच्या वतीने शिक्षणासाठी पन्नास लाख रुपयांचे अनुदान जाहीर झाले. ही रक्कम उपयोगाचीच होती. पण राजाने प्रसन्न होऊन दिलेली देणगी आणि कायद्याने मिळणारा हक्क यांत फार मोठे अंतर असते.

१८ आणि १९ मार्च १९१२ रोजी विधेयकावर चर्चा झाली. आपल्या बाजूने पुरेशी मते नाहीत, हे गोखल्यांना आधीच माहीत होते. तरीही त्यांनी प्रत्येक आक्षेपाला आकडेवारीसह उत्तर दिले. मतदान झाले. विधेयकाच्या बाजूने १३ आणि विरुद्ध ३८ मते पडली. विधेयक फेटाळले गेले. गोखल्यांनी मनाची शांती ढळू दिली नाही. पुढच्या पिढीला जे यश मिळेल त्याचा पाया आजच्या अपयशानेही घातला जाऊ शकतो, अशी त्यांची श्रद्धा होती. परंतु त्या दिवशी ज्या लाखो मुलांच्या शाळेची वाट बंद राहिली, त्यांचे बालपण पुन्हा येणार नव्हते.

तीन पौंडांचा कर

त्याच वर्षी, ऑक्टोबर १९१२ मध्ये, गोखले दक्षिण आफ्रिकेला गेले. तेथील नाताळ प्रांतात उसाच्या मळ्यांवर आणि कोळशाच्या खाणींत हजारो भारतीय मजूर करारावर राबत होते. कराराची मुदत संपल्यावर जो मजूर पुन्हा करार करणार नाही आणि मायदेशीही परतणार नाही, त्याला दरवर्षी तीन पौंड कर द्यावा लागे. तीन पौंड म्हणजे त्या वेळचे पंचेचाळीस रुपये. घरातील स्त्रिया आणि मोठी मुलेही या करातून सुटत नसत.

या करातून मजुरांसाठी सोयी उभारण्याचा हेतू नव्हता. स्वतंत्र झालेल्या मजुराला पुन्हा करारात अडकवावे किंवा देशाबाहेर घालवावे, यासाठीच तो होता. गोखल्यांनी तेथील मंत्र्यांची भेट घेऊन तो रद्द करण्याची मागणी केली. पुढे १९१३ मध्ये मोहनदास करमचंद गांधी यांच्या नेतृत्वाखाली मजुरांनी मोठा लढा दिला, तेव्हा प्रकृती खालावलेली असतानाही गोखल्यांनी भारतातून त्यासाठी निधी गोळा केला. अखेर १९१४ साली हा कर रद्द झाला. गांधीजी गोखल्यांना आपले राजकीय गुरू मानीत.

अखेरचे दिवस आणि वारसा

१२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली होती. त्याच वर्षी बनारस येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. लोकमान्य टिळक आणि त्यांचे मार्ग वेगळे होते. सनदशीर मार्गाने, अभ्यास आणि युक्तिवाद यांच्या बळावर पुढे जावे, अशी गोखल्यांची धारणा होती. मधुमेहाने जर्जर झालेल्या शरीराने ते अखेरपर्यंत काम करीत राहिले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे वय तेव्हा केवळ ४८ वर्षांचे होते.

त्यांनी पेरलेला विचार मात्र रुजला. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. १९१८ मध्ये मुंबई प्रांताने आणि १९२० मध्ये रायपूर ज्यात होते त्या मध्यप्रांताने प्राथमिक शिक्षणाचे कायदे केले. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या बालकांच्या शिक्षणाचे उद्दिष्ट समोर ठेवले. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि २००९ साली त्याचा कायदा झाला. गोखल्यांचे विधेयक फेटाळल्यापासून या कायद्यापर्यंत सत्त्याण्णव वर्षे लोटली.

करांची व्यवस्थाही बदलली. राज्यघटनेनुसार शेतीव्यतिरिक्त उत्पन्नावरील प्राप्तिकर केंद्र सरकार गोळा करते आणि वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार त्याचा वाटा राज्यांना मिळतो. १ नोव्हेंबर २००० रोजी स्थापन झालेल्या छत्तीसगढ राज्यालाही असा वाटा मिळतो आणि त्यातून राज्याच्या शाळा व रुग्णालये यांच्या खर्चाला मदत होते. २००४ साली केंद्र सरकारने आपल्या करांवर शिक्षणासाठी दोन टक्क्यांचा उपकर बसविला. शिक्षणासाठी वेगळा कर घेण्याची जी कल्पना १९१२ साली अव्यवहार्य ठरविली गेली, तीच वेगळ्या रूपाने स्वतंत्र भारतात स्वीकारली गेली.

गोखल्यांजवळ सत्ता नव्हती आणि संपत्तीही नव्हती. सरकारी जमाखर्चाचे कागद, गणिताची शिस्त आणि गरिबांविषयीची आस्था एवढ्या भांडवलावर त्यांनी राज्यकर्त्यांना जाब विचारला. आपण दिलेल्या कराचा हिशेब विचारणे हा नागरिकाचा हक्क आहे. तो हिशेब समजण्यापुरते शिक्षण मिळविणे ही त्या हक्काची पहिली पायरी आहे.

स्वाध्याय

१. मिठावरील कर गरिबांना अधिक जाचक का होता, ते शेरामागील कराच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. सरकारी तिजोरीतील शिलकेचा अर्थ अधिकारी कोणता सांगत आणि गोखले कोणता सांगत?
३. शिक्षणकर आणि तीन पौंडांचा कर यांच्या हेतूंतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या गावातील किंवा वस्तीतील कोणत्या तीन सोयी करांच्या पैशातून चालतात? त्यांपैकी एका सोयीविषयी आठ ते दहा ओळी लिहा.